एका चुलीवरचे तीन अर्ज

धम्मप्रिया सर्वगोड यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे शहराच्या पूर्व भागातल्या त्यांच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. कुणी रजेवर गेलं की त्याचा तास कोण घेणार? सर्वगोड बाई. मतदार याद्यांचं काम आलं, कोण जाणार? सर्वगोड बाई. बरं, जाऊन आल्यावर कुरकुर तरी करावी, तीही नाही. कुरकुर त्यांच्या पोटात साठायची आणि पहाटे चारला त्यांना जाग यायची. मग अंथरुणात पडल्या पडल्या आपलं काय काय चुकलं असेल याची उजळणी चालायची. वय बेचाळीस, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली, शाळा अजून पूर्ण अनुदानावर न आलेली. घरात आई मीनाबाई आणि त्या. घर म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, पुढे गॅलरीचा तुकडा आणि लोखंडी जिना.

आता ही गोष्ट ज्यावर उभी आहे तो पत्ता सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्या पत्त्यानंच केलं. शाळेतल्या निम्म्या मुलांची कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहणारी. अकरा महिने झाले की मालक उठवणार, करारनामा मागितला की तोंड वाकडं करणार. करारनामा नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून पोराचं आधार नाही. आणि हल्ली मूल वर्गात येऊन बसलं, ‘हजर’ म्हणालं, तरी त्याचं आधार संगणकात जुळल्याशिवाय ते मोजलंच जात नाही. मुलं कमी मोजली गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला कुठं तरी लांब पाठवतात. शाळेत सगळ्यांत शेवटी लागलेल्या कोण, हे वेगळं सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी चन्नम्मा आपल्या मुलीला, साक्षीला, घेऊन शाळेत आली. दुधनीकडची, घरी कानडी बोलणारी. नवरा सोडून गेलेला. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची. “मॅडम, अड्रेस नाही म्हणून साक्षीचा आधार होत नाही म्हणते. मी काय करू सांगा की,” असं म्हणून ती वर्गाच्या दारात रडायलाच लागली. बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात संमतीपत्र लिहिलं : सदर कुटुंब माझ्या घरी राहते, माझी हरकत नाही. घरमालक रामहरीकाका करकंबचे, साधे गृहस्थ. ते म्हणाले, “पोरीच्या शिक्षणाचं काम हाय, लिवा की.” मग खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या गोजरबाई आल्या. त्या वेळापूरच्या. सून वारलेली, मुलगा ट्रकवर, नात उत्कर्षा दुसरीत. त्यांनाही कागद मिळाला. असे चार वर्षांत सहा कागद गेले. दया होती हे खरं, पण त्यात आपली नोकरीही वाचत होती हेही तितकंच खरं, आणि हे बाई स्वतःपासून लपवत नसत. पहाटे चारला तर नाहीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर रामहरीकाकांनी सांगितलं की मुलगा घर पाडून बांधतोय, मेअखेर खोली रिकामी करून द्या. त्यांना फार वाईट वाटत होतं. पण वाईट वाटून खोली मिळत नाही. मीनाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना तळमजल्याची जागा हवी. बाईंनी आठ-दहा ठिकाणी विचारून पाहिलं. कुठं जिना आडवा आला, कुठं आणखी काही.

त्याच सुमारास शिक्षक-पालक वसाहतीची जाहिरात आली. शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्याच्या आत, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागेवर छोटी छोटी बैठी घरं. निम्मी कमी पगाराच्या शिक्षकांना, निम्मी गरीब विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना. भाड्याएवढा हप्ता. बाईंनी अर्ज भरला, चन्नम्माचा आणि गोजरबाईंचाही त्यांनीच भरून दिला. मार्चमध्ये सोडत निघाली आणि नवल म्हणजे तिघींचीही नावं लागली. त्या संध्याकाळी मीनाबाईंनी शेजारपाजाऱ्यांना पेढे वाटले आणि दिसेल त्याला सांगितलं, “आमचं घर खालचं हाय. जिना न्हाई.”

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोटीस आली. बाईंनी ती गॅलरीत उभ्यानंच वाचली आणि मग खाली बसल्या. एकाच पत्त्यावर तीन अर्ज आढळले आहेत, बुधवारी दुपारी बारा वाजता स्थळ पडताळणी होईल. स्वतंत्र चूल दिसली तरच स्वतंत्र कुटुंब धरले जाईल, एका चुलीस एकच घर. ज्यांनी जागा बदलली असेल त्यांना पत्ता त्याच दिवशी दुरुस्त करता येईल. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरात : खोटा दाखला देणाऱ्याचा अर्ज रद्द.

ती शेवटची ओळ बाईंनी किती वेळा वाचली असेल त्याला गणती नाही. शाळेत फळ्यावर भागाकार लिहितानाही ती डोळ्यांपुढं यायची. संमतीपत्रावर आपली सही, आपलं अक्षर, आपला हुद्दा. खोटं ते खोटंच. घर तर जाईलच, पण प्रकरण शाळेपर्यंत गेलं तर? ताटातली भाकरी तशीच राहायची. मीनाबाई म्हणायच्या, “काय गं, तोंड उतरलंय तुझं?” त्यावर उत्तर ठरलेलं, “ऊन लागलं असेल.”

शेवटी चार-पाच पहाटा जाळून त्यांनी एक वाट काढली. साहेबांना सांगायचं, ही दोन कुटुंबं पूर्वी माझ्याकडे राहत होती, आता दुसरीकडे गेलीत, त्यांचा पत्ता दुरुस्त करून घ्या. म्हणजे कागद खोटा ठरत नाही, त्यांच्या चुली त्यांच्या खोलीत दिसतात, तिन्ही घरं वाचतात. लहानसं खोटं, पण तिघींच्या उपयोगाचं. बाईंना जरा हायसं वाटलं. चूक एवढीच झाली की हे त्यांनी त्या दोघींना सांगितलं नाही. पालकांना बसवून ‘असं असं खोटं बोलू या’ म्हणायचं, याची त्यांना लाज वाटली. त्या दोघींना त्यांनी एवढंच सांगितलं की एका पत्त्यावर तीन अर्ज झालेत, माझ्या कागदाची चौकशी आहे, बुधवारी बाराला साहेब येणार, घरीच थांबा.

मंगळवारी चौदा एप्रिलची जयंती झाली. मीनाबाई पांढरं लुगडं नेसून, रिक्षा करून, अभिवादनाला जाऊन आल्या. बाईही गेल्या, पण गर्दीत उभं राहूनसुद्धा मनात बुधवारच्या वाक्याची घोकंपट्टी चालली होती. पूर्वी राहत होती, आता गेली. पूर्वी राहत होती, आता गेली.

बुधवारी सकाळची शाळा होती. अकराला सुटली, बाई पळतपळत निघाल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. घराच्या जिन्याशी आल्या तर खाली एक अनोळखी स्कूटर उभी. साहेब तासभर आधीच आले होते. त्या वर चढल्या आणि दारातच थबकल्या.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला चन्नम्माची वळकटी, तिच्यावर गोजरबाईंची वाकळ, खिळ्याला साक्षीचं दप्तर, मीनाबाईंच्या कॉटखाली अनोळखी डबे, दोरीवर अनोळखी परकर. गॅसवर मोठ्या पातेल्यात आमटी रटरटत होती आणि गोजरबाई खानावळीच्या सफाईनं भाकऱ्या थापत होत्या. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर साहेब. पस्तिशीचा सभ्य माणूस, मांडीवर फायली, हातात सरबत.

“या मॅडम,” साहेब म्हणाले. “तुमच्या घरच्यांनी सगळं दाखवलं.”

चन्नम्मा उत्साहानं पुढं झाली. “मी सांगितली साहेबांना. चार वर्षं झाली, आम्ही हितंच राहते. मी तिथं झोपते, गोजरअक्का इथं झोपते, मॅडम गॅलरीत झोपते.”

“व्हय साहेब,” गोजरबाई परातीवरून म्हणाल्या. “बाईंचा कागद खोटा न्हाय. लई सज्जन बाई हाय ती. आमी सगळी एकाच पातेल्यातलं खातो बगा. हितं तुजं-माजं न्हाय.”

बाईंच्या ध्यानात आलं. त्यांचा कागद खोटा ठरू नये म्हणून या दोघी एका दिवसाचा पगार बुडवून, आपापला संसार डोक्यावर घेऊन इथं आल्या होत्या. घर जास्त खरं दिसावं म्हणून आपले स्टोव्ह मागं ठेवून आल्या होत्या. आणि कॉटवर बसलेल्या मीनाबाई काही न कळून, पाहुण्या आल्यात म्हणून, खूश होत्या.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. “चूल ही एकच?”

“एकच की,” गोजरबाई अभिमानानं म्हणाल्या.

साहेबांनी लिहिलं. मग मान वर केली. “मॅडम, हे बरोबर आहे ना? ही दोन्ही कुटुंबं आजमितीला इथंच राहतात, जेवण एकत्र?”

घोकलेलं वाक्य बाईंनी मनात पुन्हा लावून पाहिलं. पूर्वी राहत होती म्हणावं तर या दोघी आत्ता खोटं बोलल्या असं होणार. कधीच राहत नव्हती म्हणावं तर आपला कागद. चन्नम्मा डोळ्यांनीच ‘म्हणा की’ म्हणत होती. बाई म्हणाल्या, “हो.”

“मग एकत्र कुटुंब. एक चूल, एक घर,” साहेब म्हणाले. “कुटुंबप्रमुख कोण?”

“मॅडम,” चन्नम्मा म्हणाली. “बाईच की,” गोजरबाई म्हणाल्या. दोघींनी एकदमच बोट दाखवलं. साहेबांनी फाईल पुढं केली आणि धम्मप्रियाबाईंनी सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली. साहेब उठले, सरबत चांगलं झालं होतं म्हणाले आणि गेले.

झालं. घर मिळालं. कागदही वाचला. बाई कॉटच्या कडेला बसल्या तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि हे मी लपवणार नाही, कारण त्यांनीही ते कधी लपवलं नाही. मे महिना, जिना, आईचे गुडघे, सगळं एका सहीनं मिटलं होतं. ती सुटका फार तर ताट वाढेपर्यंत टिकली.

गोजरबाईंनी ताटं मांडली. चन्नम्मानं मीनाबाईंना आमटीत भाकरी कुस्करून दिली आणि बाईंच्या समोर मांडी घालून बसली. घामानं डबडबलेली, पण चेहरा उजळलेला. “मॅडम, तुमच्या कागदाचं संकट गेलं. आता ते साहेब आमच्या घराचं कधी सांगणार?”

बाईंचा घास हातातच राहिला. “चन्नम्मा,” त्या म्हणाल्या, “तुमची घरं गेली. साहेबांनी आपल्याला एक कुटुंब धरलं. एकच घर मिळालं, ते माझ्या नावावर.”

गॅसवर ठेवलेला तवा तापत होता तो गोजरबाईंनी बंद केला. बाई वाट पाहत होत्या की आता या भांडतील, शिव्या देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“म्हंजी आमी चूल येगळी दाखवायला पायजे हुती,” गोजरबाई हळूच म्हणाल्या. “म्या माजा इस्टो आणलाच न्हाय. आमचंच चुकलं की चन्नम्मा.”

“हौद अक्का,” चन्नम्मानं कानडीत होकार भरला. “मीच म्हटलं, एकात करू. मॅडमला काय म्हाईत.” तिनं डोळे पदराला पुसले आणि बाईंच्या ताटात आणखी आमटी वाढली. “तुम्ही जेवा मॅडम. सकाळपासून उपाशी असंल.”

मॅडमला काय माहीत! मॅडमनं ती नोटीस पन्नास वेळा वाचली होती. चुलीची ओळ मॅडमला तोंडपाठ होती. बाई ताटावरून उठल्या. हात न धुताच चपला घालायला लागल्या.

“कुटं निगालीस उन्हाची?” मीनाबाईंनी विचारलं.

“आले,” म्हणून त्या जिना उतरल्या.

साहेब दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या एका घराची पडताळणी उरकून स्कूटरला किक मारत होते. धापा टाकणाऱ्या, उष्ट्या हाताच्या शिक्षिकेला पाहून ते दचकले. बाईंनी एका दमात सांगितलं. त्या दोघी कधीच माझ्याकडे राहिल्या नाहीत. कागद मी खोटा दिला. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, मला वाचवायला आल्या बिचाऱ्या. त्यांच्या खोल्या जवळच आहेत, त्यांच्या चुली तिथं आहेत, चला, दाखवते.

साहेबांनी स्कूटर बंद केली. “मॅडम, जरा विचार करा. मी काही ऐकलं नाही असं समजतो. तुमचं काम झालंय.”

“त्यांचं झालेलं नाही.”

“तुमचा अर्ज जाईल. शाळेला कळवायचं की नाही ते वरचे ठरवतील, माझ्या हातात नाही.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. आवाज रडवेला होता. धीर आला वगैरे काही नाही. भीती जशीच्या तशी होती, फक्त ती घेऊन त्या उभ्या होत्या.

“लिहून द्या मग.”

नळावर हात धुऊन, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून बाईंनी लिहिलं : सदर दोन्ही कुटुंबे माझ्या घरी कधीही राहिलेली नाहीत, संमतीपत्रे मी खोटी दिली. खाली नाव, हुद्दा, तारीख. मग साहेबांना घेऊन त्या पुढं झाल्या. चन्नम्माच्या पत्र्याच्या खोलीला कुलूपही नव्हतं. न्यायला काही ठेवलंच नव्हतं. कोपऱ्यात स्टोव्ह. तीन दारं सोडून गोजरबाईंची खोली, तिथंही स्टोव्ह, शेजारी राखेनं घासून पालथी घातलेली कढई. साहेबांनी दोन्ही ठिकाणी फोटो काढले, नवा पत्ता घातला, ‘स्वतंत्र चूल’ लिहिलं आणि बाईंच्या अर्जावर आडवी रेघ मारली. मारताना ते बाईंकडे बघत नव्हते.

परत येईतो दोघींनी आपापली गाठोडी बांधली होती. बाईंनी सगळं सांगितलं. चन्नम्मानं त्यांचे पाय धरायला हात पुढं केले तेव्हा त्या रागानंच मागं सरकल्या. “पाय धरू नका. मी आधी सही केली होती.” गोजरबाईंनी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बाईंच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

दोघी गेल्यावर मीनाबाईंनी विचारलं, “म्हंजी आपलं घर गेलं?”

“गेलं, आई.”

“त्यांना मिळंल?”

“मिळेल बहुतेक.”

मीनाबाई आपले गुडघे चोळत बसल्या. लेकीचं कौतुक त्यांनी केलं नाही, तिला बोलही लावला नाही. “मग आता आपुन जायाचं कुटं गं?” एवढंच विचारलं. बाईंनी उरलेल्या आमटीवर झाकण ठेवलं आणि ताटं उचलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या परस्पर खोल्या बघायला निघाल्या. तिसऱ्या गल्लीत एका घरावर पाटी होती. तळमजला, पुढं छोटा व्हरांडा, नळ दारात. घरमालकीणबाईंनी हसून आत घेतलं, माठातलं पाणी दिलं. “शिक्षिका आहात? आणि आईच फक्त बरोबर? मग प्रश्नच नाही हो, आम्हाला अशीच माणसं पाहिजेत. जिन्याचा त्रास नाही आईंना.” त्यांनी किल्लीही खिळ्यावरून काढली. “बरं, पूर्ण नाव काय म्हणालात?”

“धम्मप्रिया सर्वगोड.”

मालकीणबाईंचा किल्लीचा हात जिथल्या तिथं राहिला. “अगं बाई, असं होय,” त्या म्हणाल्या. “थांबा हं जरा. यांना विचारून सांगते तुम्हाला.”

धम्मप्रियाबाईंनी ‘बरं’ म्हणून पाण्याचा पेला खाली ठेवला आणि त्या बाहेर पडल्या. मे महिना संपायला अजून पंचेचाळीस दिवस होते. त्या पुढच्या गल्लीकडे वळल्या.